दाखला भिंतीवर, कुलूप दाराला

कराची शहराच्या बलदिया टाउन भागात अली एंटरप्रायझेस नावाचा तयार कपड्यांचा कारखाना होता. त्याचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे जर्मनीतील ‘किक’ ही स्वस्त कपडे विकणारी कंपनी. ११ सप्टेंबर २०१२ रोजी संध्याकाळी या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. खिडक्यांना लोखंडी गज होते. बाहेर पडायला एकच वाट उघडी होती, बाकीच्या दारांना कुलपे. माल चोरीला जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त केला होता असे सांगण्यात आले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. मागच्या दाराला कुलूप लावताना आपण सर्वजण हेच म्हणतो.

या घटनेत व्यापारी बंधूंनी नीट लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. आग लागण्यापूर्वी काही आठवडेच, म्हणजे ऑगस्ट २०१२ मध्ये, या कारखान्याला ‘एसए ८०००’ हा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला होता. कामगारांचे तास, पगार, बालमजुरी, आरोग्य आणि आगीपासून संरक्षण या सर्व बाबी तपासून हा दाखला देतात. दाखला देणारी कंपनी इटलीची होती, परंतु प्रत्यक्ष तपासणीचे काम तिने तेथील एका स्थानिक संस्थेकडे सोपवले होते. म्हणजे कागदावर सर्व काही ठीक होते आणि दाराला कुलूप होते.

अशा दाखल्यांची पद्धत कशी चालते हे माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. युरोप-अमेरिकेतील खरेदीदार आपल्या माल पुरवणाऱ्याला सांगतो, दाखला आणा. कारखानदार तपासणी करणाऱ्या संस्थेला फी भरतो. संस्थेचा माणूस बहुतेक वेळा आधी कळवून येतो. तो हजेरीपट आणि पगाराचे रजिस्टर पाहतो, चार कामगारांना मालकाच्या समोर नाही पण मालकाच्याच कारखान्यात प्रश्न विचारतो आणि एक-दोन दिवसांत अहवाल लिहितो. तो अहवाल कारखानदाराकडे आणि खरेदीदाराकडे जातो. ज्याचा जीव जाणार आहे त्या शिलाई मशीनवरच्या माणसाला तो कधी दिसत नाही. फी भरणारा नाराज झाला तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे तपासनीसाला पक्के ठाऊक असते. वजनकाटा तपासणाऱ्याचा पगार दुकानदाराने द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

कराचीच्या प्रकरणात पुढे एक निराळीच बाब समोर आली. आग अपघाताने लागली नव्हती, खंडणी न मिळाल्यामुळे लावली होती, असा तपासाचा निष्कर्ष निघाला आणि २०२० मध्ये तेथील दहशतवादविरोधी न्यायालयाने दोघांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. यावर काही लोक म्हणतात, मग कारखानदाराचा आणि दाखल्याचा काय दोष? मला हे पटत नाही. आग कोणी लावली हा एक प्रश्न आहे आणि माणसे बाहेर का पडू शकली नाहीत हा वेगळा प्रश्न आहे. आग शत्रूने लावो, वायरिंगने लागो वा विडीच्या थोटकाने, दार उघडे असते तर त्यातली बहुतेक माणसे घरी गेली असती.

कराचीनंतर अडीच महिन्यांनी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ढाक्याजवळच्या आशुलिया येथे ताजरीन फॅशन्स या कारखान्यात आग लागली आणि किमान ११२ कामगार मेले. सुताचा आणि कापडाचा साठा तळमजल्यावर होता आणि आग तेथेच लागली. इमारतीला तीन जिने होते, परंतु तिन्ही जिने खाली त्याच तळमजल्यात उतरत. इमारतीच्या बाहेरून उतरणारा एकही जिना नव्हता. म्हणजे तीन वाटा दिसायला तीन, प्रत्यक्षात एकच, आणि तीही आगीच्या तोंडात. आगीची घंटा वाजली तेव्हा कामगार उठले, पण वरच्या माणसांनी ‘काही नाही, कामाला बसा’ असे सांगितले, असे वाचलेल्यांनी सांगितले. आपल्याकडे यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा कापडाच्या गाळ्यात खाली गोदाम, वर माग किंवा शिलाई आणि त्याच्या वर माणसे झोपतात, ही रचना किती ठिकाणी आहे हे ज्याचे त्याने मोजावे.

ताजरीनचीही आधी तपासणी झालेली होती. अमेरिकेच्या वॉलमार्ट कंपनीसाठी २०११ मध्ये झालेल्या तपासणीत या कारखान्याला ‘नारिंगी’ शेरा मिळाला होता, म्हणजे धोका जास्त. आग लागल्यावर वॉलमार्टने सांगितले की आमच्या पुरवठादाराने आम्हाला न विचारता काम तेथे दिले होते. हेही आपल्या परिचयाचे आहे. ऑर्डर एका हातात येते, तो निम्मी दुसऱ्याला देतो, दुसरा चार ठिकाणी जॉबवर्क वाटतो. माल कोठे शिवला गेला हे वरच्याला माहीत नसते, आणि खरे म्हणजे माहीत करून घ्यायचे नसते. भाव कमी झाला याचा त्याला आनंद असतो. धोका दिसलाच नव्हता असे ताजरीनच्या बाबतीत कोणी म्हणू शकत नाही. धोका दिसला, रंग देऊन कागदावर लिहिला गेला, आणि काम चालू राहिले.

त्यानंतर पाच महिन्यांनी राणा प्लाझा कोसळली. ढाक्याजवळच्या सावर येथील ही आठ मजली इमारत. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि एका बँकेची शाखा, वर कपड्यांचे पाच कारखाने. वरचे मजले परवानगी न घेता चढवलेले. मूळ बांधकाम दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी होते, त्यावर हजारो माणसे, यंत्रे आणि वीज गेली की चालवायचे जनरेटर बसवले. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना आणि खांबांना भेगा पडल्या. एका अभियंत्याने पाहून इमारत रिकामी करायला सांगितले. इमारत रिकामी झालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेने आपल्या माणसांना बोलावले नाही, ते सर्व वाचले. कपड्याच्या कामगारांना मात्र, आला नाहीत तर पगार कापू, असे सांगून आत पाठवले. नऊ वाजण्याच्या सुमारास वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली बसली. ११३४ माणसे मेली, सुमारे अडीच हजार वाचली, त्यातली कित्येक हातपाय गमावून.

एकाच इमारतीत, एकाच भेगेकडे पाहून, बँकेने एक निर्णय घेतला आणि कारखान्यांनी दुसरा. माझ्या मते भेग कोणाला जास्त कळली हा प्रश्नच नव्हता. बँकेची शाखा एक दिवस बंद राहिली तर कोणी तिचे दिवाळे काढणार नव्हते. कारखानदाराच्या डोक्यावर जहाजाची तारीख होती. तारीख चुकली तर माल विमानाने स्वखर्चाने पाठवावा लागतो, नाही तर गिऱ्हाईक भाव पाडते. ज्याने वेळेवर माल पाठवला आहे त्याला हे दडपण ठाऊक आहे. म्हणून, ज्याला नुकसान सोसायचे आहे त्याच्याच हाती ‘आज काम बंद’ म्हणण्याचा अधिकार ठेवला, तर तो ते शब्द उच्चारणार नाही. शिलाई कामगार तर मुळीच उच्चारू शकत नाही, कारण त्याचा एक दिवसाचा पगार म्हणजे घरातली चूल.

राणा प्लाझातील दोन कारखान्यांची युरोपीय पद्धतीची तपासणी झालेली होती. इमारत पडल्यावर त्या पद्धतीच्या चालकांनी सांगितले की बांधकामाची मजबुती हा आमच्या तपासणीचा विषय नव्हता. खोटे नव्हते ते. विषय नव्हताच. तपासनीस हजेरीपट पाहून गेला आणि खांब त्याच्या पाठीमागे उभा होता.

या घटनेनंतर मे २०१३ मध्ये जो करार झाला त्याला ‘अकॉर्ड’ म्हणतात. दोनशेहून अधिक विदेशी कंपन्या एका बाजूला आणि कामगारांच्या आंतरराष्ट्रीय व बांगलादेशी संघटना दुसऱ्या बाजूला. सोळाशेहून अधिक कारखाने त्याच्या कक्षेत आले. कामगार संघटनांचा करार म्हटला की आपल्या मालक मंडळींच्या कपाळावर आठी पडते, माझ्याही पडते. परंतु यात काही गोष्टी अशा आहेत की व्यापाऱ्याने त्या हिशेबाच्या नजरेने पाहाव्यात.

पहिली गोष्ट पैशाची. तपासणीचा खर्च खरेदीदार कंपन्यांनी उचलला. ज्याची खरेदी जास्त त्याची वर्गणी जास्त, मोठ्यात मोठ्या कंपनीला वर्षाला पाच लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे तपासनीसाची रोजीरोटी कारखानदाराच्या खुशीवर राहिली नाही. प्रत्येक कारखान्याचा अहवाल नावानिशी उघड प्रसिद्ध झाला. कोणती त्रुटी, दुरुस्तीची मुदत काय आणि ती पाळली की नाही, हे खुद्द कामगार, शेजारचा कारखानदार आणि गिऱ्हाईक असे सर्वजण पाहू शकत. सुरुवातीच्या तपासण्यांत काही इमारती ताबडतोब रिकाम्या कराव्या लागल्या. पुढे एकंदर एक लाखाहून अधिक त्रुटींची नोंद झाली. त्यात मोठ्या इंजिनिअरिंगच्या गोष्टी होत्या, पण वारंवार आढळल्या त्या अगदी साध्या: जिन्याला आग अडवणारे दार नाही, बाहेर पडण्याच्या वाटेवर कुलपाचे चॅनेल गेट, मजल्यावर पेलणार नाही इतका माल रचलेला. चॅनेल गेट काढून टाकणे आणि कोणत्या मजल्यावर किती वजन ठेवायचे ते ठरवून पाळणे यासाठी परदेशी शास्त्रज्ञाची गरज नसते.

दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर सहा महिन्यांपर्यंत कामगाराचा पगार चालू राहावा, अशी अट होती. धोकादायक जागेत काम करण्यास नकार देण्याचा हक्क कामगाराला लिहून दिला होता. राणा प्लाझाच्या सकाळी जे घडले त्याला ही दोन कलमे थेट उत्तर आहेत. कारखानदार दुरुस्ती करीत नसेल तर सर्व सहभागी कंपन्यांनी त्याच्याशी व्यवहार तोडायचा. आणि कंपनीने शब्द पाळला नाही तर तिच्यावर लवाद. तो नुसता कागदावर राहिला नाही. कामगार संघटनांनी दोन कंपन्यांना लवादापुढे नेले आणि त्यातल्या एकीने २०१८ च्या जानेवारीत तेवीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

बांगलादेशी कारखानदारांची तक्रार अशी होती की दारे, पंप आणि खांबांचा खर्च आम्ही करायचा, आणि विकत घेणारा शर्टाला भाव मात्र वाढवून देत नाही. ही तक्रार मला रास्त वाटते. सुरक्षितपणा हवा पण त्याचे चार पैसे नकोत, ही खरेदीदाराची जुनी सवय आहे, आणि ढाक्यातच नव्हे, आपल्या बाजारातही आहे.

करारालाही मर्यादा होत्या. जुलै २०१७ मध्ये गाझीपूर येथे मल्टिफॅब्स या कारखान्याचा बॉयलर फुटून दहाहून अधिक माणसे मेली. हा कारखाना अकॉर्डच्या यादीत होता, पण बॉयलर त्या वेळी अकॉर्डच्या तपासणीत येत नव्हता. पुन्हा तेच, यादीत नाही ते कोणी पाहत नाही. जुलै २०२१ मध्ये रूपगंज येथे फळांचा रस आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून पन्नासहून अधिक माणसे मेली, जिन्याचे दार बंद होते. देश तोच, प्रशासन तेच. पण तो कपड्याचा कारखाना नव्हता, म्हणून त्या कराराच्या बाहेर होता. बांगलादेशातील अकॉर्डचे काम २०२० पासून एका स्थानिक मंडळाकडे गेले, त्यात कारखानदारांचेही प्रतिनिधी आहेत. २०२३ पासून पाकिस्तानसाठीही असा करार सुरू झाला. कराचीनंतर दहा वर्षांनी.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीत बसवलेली आग विझवण्याची साधने चालू स्थितीत आहेत असा दाखला मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. हा दाखला परवानाधारक एजन्सी देते. एजन्सी निवडतो मालक, तिला पैसे देतो मालक. वर कराचीचा जो प्रकार सांगितला तो वाचून झाल्यावर याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. सर्व एजन्सी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मन लावून काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. पण व्यवस्था अशी आहे की चांगल्या एजन्सीला गिऱ्हाईक कमी आणि चहा पिऊन सही करणाऱ्याला जास्त.

माझ्या स्वतःच्या गोदामाची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहिणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीचा माणूस दाखल्यासाठी आला. तो ऑफिसात बसला, पंख्याखाली. लाल सिलिंडरची संख्या विचारली, तारखेची चिठ्ठी नवी लावली, पैसे घेतले आणि गेला. गोदामाच्या मागच्या बाजूला तो गेलाच नाही. गेला असता तर त्याला दिसले असते की मागच्या दारासमोर ग्रे कापडाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या आहेत. त्या दाराची किल्ली माझ्याकडे घरी होती. त्या वेळी मला त्या माणसाचा रागही आला नाही, उलट लवकर आटोपले म्हणून बरे वाटले. दाखला काचेच्या चौकटीत लावला.

दिल्लीला ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे अनाज मंडीतील एका इमारतीत आग लागून ४३ माणसे मेली. पिशव्या आणि टोप्या वगैरे बनवण्याचे लहान कारखाने, कामगार कामाच्याच जागेत झोपलेले, बहुतेक धुराने गेले. ती बातमी वाचून मी गोदामातल्या पोरांना विचारले, रात्री तुम्ही किती जण झोपता? मला वाटत होते तीन. सात जण झोपत होते. शटर आतून बंद आणि बाहेरूनही कुलूप, कारण रात्रीच्या वेळी कोणी माल काढू नये.

१८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले. त्यात खुद्द मालक, त्यांच्या घरातली माणसे आणि कामगार होते. घर आणि कारखाना एकाच जागी असणे ही आपल्या विणकर वस्त्यांची पद्धतच आहे. म्हणून कामगारांच्या सुरक्षितपणाचा विषय निघाला की मालक मंडळींनी तो आपल्यावरचा बोजा समजू नये. दार एकच असेल तर त्यातून मालकाची मुलेही बाहेर यायची आहेत.

आपल्या धंद्यातला जिन्नसही लक्षात घ्यावा. सुताची उडती रुई मोटारीवर, ट्यूबलाइटवर, वायरच्या सांध्यावर बसते आणि एका ठिणगीने ती पसरत जाते. पॉलिस्टर जळताना वितळते आणि काळा धूर करते. आगीत माणूस ज्वाळेने मरण्यापूर्वी धुराने बेशुद्ध पडतो, म्हणून मिनिटे फार थोडी असतात. सिलिंडर किती आहेत यापेक्षा अंधारात, धुरात, झोपेतून उठलेला माणूस किती वेळात रस्त्यावर येतो, हे पाहणे महत्त्वाचे. ते पाहायला एजन्सी लागत नाही. रात्री मेन स्विच बंद करावा, माणसांना उठवावे आणि घड्याळ पाहावे. आम्ही केले तेव्हा पहिल्यांदा सव्वाचार मिनिटे लागली, कारण किल्ली सापडेना आणि एकजण रिकाम्या बीमला अडखळून पडला.

त्यानंतर मागच्या दाराचे कुलूप काढून आतून ढकलताच उघडणारा दांडा बसवला. गाठी हलवल्या, दारापुढे चार फूट जागेवर पिवळा पट्टा मारला आणि पट्ट्याच्या आत माल ठेवला तर ज्याने ठेवला त्याला विचारायचे असे ठरवले. शटरला बाहेरून कुलूप बंद केले, त्याऐवजी एक पहारेकरी ठेवला. पोटमाळ्यावरचे ओले-सुके सर्व वजन खाली आणले. गुमास्ता म्हणाला, जागा वाया गेली. गेली खरी, सुमारे चाळीस गाठींची. पण या सर्व गोष्टींची नोंद आम्ही गोदामातच एका वहीत ठेवतो. ती वही पोरांनाही पाहता येते आणि त्यात शेरा लिहिता येतो. पहिला शेरा माझ्याच विरुद्ध होता: ‘सेठची मोटारसायकल मागच्या दारापुढे.’

एजन्सी बदलली. नव्या माणसाला सांगितले की मागच्या बाजूने सुरुवात कर, आणि अहवालाची प्रत इमारतीतल्या सर्व गाळेवाल्यांना दे. पैसे आता एकटा मी देत नाही, सर्व गाळेवाल्यांच्या वर्गणीतून जातात. त्यामुळे कोणा एकाच्या सांगण्यावरून तो काही गाळू शकत नाही. ही कल्पना ढाक्याचीच आहे, लहान करून घेतलेली. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे पुठ्ठ्याचे खोके मात्र अजून सामाईक जिन्यात आहेत. दोनदा सांगून झाले. नव्या एजन्सीने ते अहवालात लिहिले आहे, आणि जिना मोकळा होईपर्यंत सही करणार नाही असे तिने कळवले आहे. त्यासाठी रविवारी सर्व गाळेवाल्यांची बैठक ठेवली आहे.